पत्त्याची जागा

पोलिसांनी लिहिलं: तोफा, वय अंदाजे अकरा,
फलाटावरच्या नळाखाली झोपलेला.
सोबत कुणी नाही, सोबत काही नाही.
हे चूक. सोबत एक दोरी होती,
अडीच हात, टोकाला चामड्याचा पट्टा,
शेळीची असावी.
यादीत आली नाही, कारण मुद्देमाल नव्हती.

नाव तोफज्जल. हे कळायला नऊ दिवस गेले.
तोवर बालगृहातली पोरं त्याला
ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर नेऊन बत्ती लावणार होती,
आणि तो हसायचा,
कशाला ते न कळता, वेळेवर.

दुभाष्या कुठून आणायचा या गावात?
दाल बाजारामागचे मुंगीकाका आले.
आसनसोलला सात वर्षं तिकिटं तपासलेली.
बंगाली येते म्हणाले. येत होती:
तिकीट कुठंय, उतर खाली, एवढी.
मुलगा फार हळू बोलला.
काका म्हणाले, नदी म्हणतोय. खाल्लं म्हणतोय.
नदीवर जेवला असेल शेवटचं.
मी तसंच लिहिलं, परिच्छेद चार:
'सदर बालकाने शेवटचे भोजन नदीकाठी घेतले.'
बरं वाटलं होतं मला ते वाक्य.
समितीच्या बाईंनीही मान हलवली होती.

मग मनगटाचा फोटो.
उजेडावर धरला तर वाळूतले खडे दिसावेत तशी हाडं,
अजून एकमेकांना न चिकटलेली.
अकरा ते तेरा, डॉक्टर म्हणाले.
हाडांना दोन वर्षं इकडेतिकडे चालतात.
जिभेला चालत नाहीत.

चौदा महिने पत्रं गेली: भोपाळ, दिल्ली, वकिलात.
तेवढ्यात तो हिंदीत भांडायला शिकला,
माझ्याकडून 'अगं बाई' शिकला
आणि कुठेही वापरू लागला, अगदी न्यायाधीशांसमोर.
मला उकील म्हणायचा.
मी वकील, वकील म्हणून सुधारायचे,
मग सोडून दिलं.

भाऊ म्हणाला, पाठवून दे ना परत, तुझं काय जातं?
परत हा शब्द आमच्या घरात कुणी वापरू नये खरं तर.
वडील वाईजवळच्या एका गावाचं नाव सांगायचे.
एकदा जाऊन आलो. पोस्टमनलाही आमचं आडनाव नवीन.
तरी मला कधी कुणी
मनगट दाखव म्हणालं नाही.

उत्तर आलं पौषात, गाड्या सात-सात तास उशिरा असताना.
'नमूद गाव अभिलेखात नाही.
सदर बेट नदीपात्रात विलीन झाले आहे.'
मी त्याला हिंदीत सांगितलं, अडखळत,
विलीनला शब्द सापडेना म्हणून:
तुझं गाव नदीनं खाल्लं.

तो बघत राहिला माझ्याकडे,
ढ मुलाकडे हुशार मुलानं बघावं तसा.
तेच तर बोललो होतो, म्हणाला.
पहिल्या दिवशी. त्या काकांना.

मला आईचं विचारायचं होतं.
विचारलं दोरीचं.
ती पोहत होती, म्हणाला,
आणि बुटाची नाडी बांधायला वाकला
ती बांधलेलीच होती.

परिच्छेद चार मी शाईनं खोडला,
बाजूला सही, तारीख.
चूक झाली की एवढंच करायचं असतं आमच्यात.

नवा अर्ज. बारेलाल टायपिस्ट,
बोटं कापलेले हातमोजे, कळांवर फुंकर मारत:
स्थायी पता, मॅडम? कितनी लाइन छोडूं?
मी काहीतरी शोधत होते, कलम किंवा चष्मा.
बाकावरून पोरगा म्हणाला, दो.
त्याला गजकवाला विचारत होता,
किती तुकडे.

बारेलालनं दोन ओळी सोडल्या
आणि पुढे टंकू लागला.